मदत हवी आहे: पांढऱ्या मस्टँगवर निळे पट्टे

नमस्कार मंडळी. मी मिशिगनमध्ये असतो. २०१८ ची पांढरी फोर्ड मस्टँग जीटी गाडी आहे, सेकंडहँड घेतलेली. १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० (मस्टँगचीच रेसिंग थाटाची आवृत्ती) सारखे निळे पट्टे हवेत. मूळ गाडीला दारांखालचे पट्टे असायचेच, छतावरून जाणारे रुंद दोन पट्टे मात्र ऐच्छिक होते. मला दोन्ही हवेत (बायकोच्या मते एकही नको!).

अडचण बॉनेटची. कागदी टेप लावून पाहिली, तर पट्टे नेमके गरम हवेच्या दोन जाळ्यांवर येतात. तिथे पट्ट्यांचं व्हिनाइल (चिकटवायची प्लास्टिकची फिल्म) कापून कडा आत दुमडायच्या की जाळ्यांभोवती मोकळी जागा सोडायची? आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने दारांखालचं व्हिनाइल सुटतं का? की तेवढा भाग रंगवूनच घ्यावा? कुणी केलं असेल तर फोटो टाका प्लीज.