नावाचा पासूक: अक्षरं जुळली की झालं?

अलेफबेत
अमीदा या रोजच्या ज्यू प्रार्थनेच्या शेवटी, 'यिहयू लेरात्सोन' या समारोपाच्या ओळीआधी, आपल्या नावाचा पासूक म्हणायची प्रथा आहे. नावाच्या पहिल्या अक्षरानं सुरू होणारी आणि शेवटच्या अक्षरानं संपणारी तनाखमधली, म्हणजे हिब्रू बायबलातली, ओळ. बऱ्याच सिद्दुरांच्या, म्हणजे प्रार्थनापुस्तकांच्या, मागे तयार यादी असते, तिथून उचलायची आणि पाठ करायची. माझं म्हणणं, यादीतून उचलू नका. आधी अख्खं स्तोत्र वाचा.

लेआ हे नाव घ्या. हिब्रू अक्षरं लामेद, अलेफ आणि 'हे'. म्हणजे लामेदनं सुरुवात, 'हे'नं शेवट. तेहिलीममधल्या, म्हणजे स्तोत्रसंहितेतल्या, दोन ओळी चपखल बसतात. 3:9 : 'तारण परमेश्वराचंच, तुझ्या लोकांवर तुझा आशीर्वाद असो, सेला.' आणि 144:1 : 'दाविदाचं. माझा खडक परमेश्वर धन्य, तो माझ्या हातांना लढाई शिकवतो, बोटांना युद्ध.' आता नीट बघा. पहिल्या ओळीतला शेवटचा 'हे' येतो 'सेला'मधून. या शब्दाचा अर्थ आजही पक्का नाही, बहुतेक गायनाची खूण असावी. दुसऱ्या ओळीतला लामेद 'लेदाविद' या शीर्षकातला. अशा अक्षरांवर आयुष्यभराचा अर्थ उभा करायचा?

नित्यपाठी
करायचा, कारण प्रथेचा हेतूच तो आहे. न्यायाच्या दिवशी नाव विचारलं जाईल तेव्हा माणूस स्वतःचं नाव विसरू नये, म्हणून ते तनाखच्या अक्षरांना बांधून ठेवायचं. आवडीनं निवडायला लागलात की सगळे गोड ओळी घेतील, युद्धाची ओळ कुणी घेणार नाही. अक्षरं मात्र तुम्ही कधीच निवडली नसती अशी ओळ हातात देतात, आणि रोज म्हणता म्हणता ती आपली होते.

शिवाय बायबलातल्या खुद्द लेआनं, याकोबाच्या बायकोनं, काय केलं? बेरेशीत (तोराचं पहिलं पुस्तक) 29:32. तिच्या थोरल्या मुलाच्या, रऊवेनच्या, नावाचा सरळ अर्थ 'पाहा, मुलगा'. ती म्हणते, 'परमेश्वरानं माझं दुःख पाहिलं.' व्याकरणात ते बसत नाही, तरी तोरानं जसंच्या तसं ठेवलं. नावात स्वतःचं ऐकणं ही पळवाट असती तर ते तिथे नसतंच.

रेवदंडा
वाद घालण्याआधी अक्षरं तरी बरोबर काढा. खरा घोळ तिथेच होतो, आणि मराठीवरून अक्षरं काढली की होतोच. 'ए' ऐकू आला म्हणून एस्तेर आणि एज्रा एकाच खात्यात टाकतात. एस्तेर अलेफनं सुरू होते, एज्रा आयिननं. शेवटच्या 'आ'चंही तसंच. सारा, रिवका 'हे'वर संपतात, एज्रा अलेफवर. 'त' म्हणजे तेत की ताव, 'क' म्हणजे काफ की कोफ, हे देवनागरी सांगतच नाही.

बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरांत आणखी एक गाठ आहे. 1796 साली मुंबईत मांडवीला शार हारहमीम सिनेगॉग उभारणारे समाजी हसाजी दिवेकर. 'समाजी'वरून सामेख आणि योद काढाल तर पासूक भलत्याच नावाचा होईल. मूळ नाव शमुएल, म्हणून शीन आणि लामेद. घरातलं नाव बाजूला ठेवून केतुबेत, म्हणजे लग्नाच्या करारपत्रात, लिहिलेलं नाव घ्या, आणि त्याची अक्षरं तनाखशी ताडून पाहा. शब्दाच्या शेवटी काफ, मेम, नून, पे, त्सादी यांचं रूप बदलतं, अक्षर तेच राहतं.

आणि आकड्यांचा घोटाळा. हिब्रूतलं 3:9 मराठी बायबलात 3:8 म्हणून सापडेल, कारण हिब्रूत शीर्षकच पहिली ओळ धरतात. 144 मध्ये फरक पडत नाही, तिथे 'दाविदाचं' हे पहिल्या ओळीतच आहे.

बेरीज
हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो. त्यावरून लेआची बेरीज करा: 30 अधिक 1 अधिक 5, म्हणजे 36. 'खाय', म्हणजे 'जिवंत', याचे 18. त्याची बरोबर दुप्पट. इतकं सुंदर हाती येत असताना पासुकावरच का थांबायचं?

अलेफबेत
@बेरीज, एलियाहूची बेरीज 52. 'बेहेमा', म्हणजे गुरंढोरं, त्याचीही 52. ज्या एलियाहू हानावीसाठी, म्हणजे एलिया संदेष्ट्यासाठी, कोकणात मलिद्याचं ताट मांडतात, त्याच्याबद्दल यातून काय काढणार? हवी ती बेरीज घ्यायची आणि नको ती सोडायची, हा अर्थ लावणं नव्हे.

@नित्यपाठी, रऊवेनचा मुद्दा मान्य. पण लेआ बोलते ते तिच्या घरातल्या दुःखातून, त्या प्रसंगासकट. प्रसंग तोडून तीही बोलत नाही. तिसरं स्तोत्र पोटच्या मुलापासून, अबशालोमपासून, पळणाऱ्या दाविदाचं आहे. हे कळल्यावर 'तुझ्या लोकांवर आशीर्वाद' या शब्दांचं वजन बदलतं, कारण त्या लोकांतलेच कितीतरी त्याच्यावर उठलेत.

नित्यपाठी
वजन बदलतं, कबूल. तरी त्या स्तोत्रापर्यंत नेलं कुणी? लामेद आणि हे या दोन अक्षरांनीच.

रेवदंडा
मग दोघांनी त्याच स्तोत्रात दोन ओळी वर जा. 3:7 : 'चहूकडून माझ्यावर उठलेल्या हजारोंना मी भिणार नाही.' हिब्रूतल्या पहिल्या शब्दाचा, 'लो'चा, लामेद आणि शेवटच्या 'आलाय'चा योद. लेवीचा पासूक, लेआच्या तिसऱ्या मुलाचा.