चढा पायी, उतरा केबल कारने
साठीनंतर महिनोन्‌महिने परदेशात राहून डोंगर तुडवणाऱ्या दोघांबद्दल वाचलं, त्यांचं मनापासून कौतुक! 'या वयात गुडघ्यांचं काय?' असं त्यावर कुणी विचारलं, म्हणून थोडी भर. गुडघे बोलतात ते चढापेक्षा उतरणीला. स्वित्झर्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी पायी चढून केबल कारने खाली येता येतं. आम्ही दोघं तेच करतो. फक्त शेवटची फेरी किती वाजता, ते निघण्याआधीच बघून ठेवावं. तिथल्या पिवळ्या पाट्यांवर चालायला लागणारा वेळ लिहिलेला असतो, त्यात विश्रांती धरलेली नसते. आपल्या वयाला दीडपट धरावा. पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या खुणांच्या, म्हणजे सगळ्यात अवघड डोंगरी वाटेला वाटाड्याशिवाय जाऊच नये. आणि हो, शेंगेन व्हिसावर (स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसच राहता येतं.