मोल्सवर्थ म्हणजे डबल किंमत?

दफ्तरवाली : जुनी खरेदीखतं, गहाणखतं इंग्रजीत करून द्यायचं माझं काम. त्यामुळे मोल्सवर्थ या इंग्रज साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश रोज उघडावा लागतो. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण आहे, पुठ्ठा केव्हाच सुटलाय, वरून रबरबँड. काल 'मोल' शब्द बघता बघता डोक्यात आलं, आपल्याकडे मोल म्हणजे किंमत, त्यांच्याकडे वर्थ म्हणजे किंमत. असं डबल किमतीचं आडनाव कुणी लावेल? ऑफिसातले अण्णा म्हणतात, मोल म्हणजे अंगावरचा तीळ. त्यांचं सोडा. जाणकारांनी सांगावं.

वाडेकर_ठाणे : ना मोल, ना तीळ. गावावरून पडलेलं आडनाव आहे. इंग्लंडात हंटिंग्डनशायर भागात (हल्ली केंब्रिजशायरमध्ये मोडतो) मोल्सवर्थ नावाचं लहानसं खेडं आहे. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे तिकडच्या जमीनपाहणीच्या दप्तरात, ते 'मोलेसवर्दे' असं नोंदलंय. यातला 'वर्थ' किमतीचा नव्हेच. जुन्या इंग्रजीत तसाच ऐकू येणारा वेगळा शब्द होता, अर्थ कुंपण घातलेली वस्ती. केनिलवर्थ, वँड्सवर्थ यांतलाही तोच. 'मोल' हा मूळचा 'मूल', माणसाचं नाव. मधला 'स' म्हणजे आपला 'ची'. मूलची वस्ती, झालं! नाव तेव्हा चालत होतं. केंटचा मूल नावाचा राजा ६८७ मध्ये जाळून मारला गेला. गाववाला मूल निराळा. त्याचं नाव तेवढं उरलं, आपल्या कित्येक वाड्यांच्या मूळपुरुषांसारखं.

मिरची_कोल्हापुरी : मूल? बारसं करायचं राहिलं होतं काय त्याचं? अर्थ तरी काय?

वाडेकर_ठाणे : खेचर. हसू नका, आपल्यात गाढवे, कोल्हे, लांडगे आहेतच की.

मिरची_कोल्हापुरी : म्हणजे साहेब खेचरवाडीकर!

दफ्तरवाली : वाडीवरून आठवलं म्हणून लगेच कोशात 'वाडी' काढली. साहेबानं पहिला अर्थ दिलाय कुंपण घातलेली जमीन, शेतकऱ्यांच्या झोपड्यांचा पुंजका त्यानंतर. स्वतःच्याच आडनावाचा शेवट मराठीत लिहून गेला की! लिहिताना त्याच्या ध्यानात आलं असेल का हो? अण्णांना पान दाखवलं. चष्मा वर करून म्हणाले, "खेचरापेक्षा तीळ बरा होता."