अनुभव धागा : मराठवाड्यातून समुद्राकाठी

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. त्यामुळे आपल्याकडील बहुतेकांची समुद्राशी पहिली भेट शाळेच्या सहलीत होते, नाहीतर थेट संसाराला लागल्यानंतरच्या एखाद्या सुट्टीत. कोकणातील कोणत्या गावी राहिलात, तिथे काय पाहिलेत आणि पुढे जाणाऱ्याने काय ध्यानात ठेवावे, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती केली होती. आलेल्या अनुभवांपैकी काही येथे देत आहोत.

लातूर

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर आमच्या शहराने दिवस काढले. म्हणूनच मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यात शिरल्यावर तटबंदीपेक्षा आमचे लक्ष विहिरींकडे गेले. 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेल्या या किल्ल्याला चहूबाजूंनी खारे पाणी आहे, आणि आत मात्र दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे. सासरे काठाशी बराच वेळ उभे राहिले. टंचाईच्या काळात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने घागर भरावी लागे, ही आठवण त्यांनी नातवंडांना तिथेच सांगितली. किल्ला बांधताना आधी पाण्याचा विचार झाला असणार, हे मुलांना कोणत्याही पुस्तकापेक्षा तिथे चांगले समजले.

दुसऱ्या दिवशी देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम पाहिला. रत्नागिरी–नागपूर महामार्ग आपल्या लातूरमधूनच जातो, त्यामुळे तुळजापूर, सोलापूरमार्गे कोल्हापूर गाठणे सोपे आहे. पुढे मालवणसाठी फोंडा घाट लागतो आणि तो दिवसा उजेडी उतरलेला बरा.

परभणी

आमचे घर शेतीवरचे आहे. दापोलीजवळच्या हर्णै बंदरात मासळीचा लिलाव पाहायला गेलो, तेव्हा वडिलांची नजर बैलांवर खिळली. होड्यांतील मासळी काठावर आणण्यासाठी बैलगाड्या समुद्राच्या पाण्यात शिरतात, आणि लाट अंगावर आली तरी बैल बुजत नाहीत. खाऱ्या पाण्याने खुरांना त्रास होत नाही का, असे वडिलांनी एका गाडीवानाला विचारले. काम संपल्यावर बैलांना गोड्या पाण्याने धुऊन काढतो, असे त्याने सांगितले, आणि मग दोघांचे वैरणीच्या भावापासून बैलांच्या किमतीपर्यंत बोलणे झाले. लिलावाची बोली मात्र आम्हाला लगेच कळली, कारण मोंढ्यातील सौदे पाहतच आम्ही मोठे झालो आहोत. अशा ठिकाणी नुसती छायाचित्रे काढून निघू नये, माणसांशी बोलावे, असे मला मनापासून वाटते.

बीड

हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट कडा उतरून थेट समुद्रालगतच्या खडकांवरून जाते आणि ती ओहोटीच्या वेळीच करावी लागते. भरतीची वेळ काढण्याची रीत आम्हाला मुक्कामाच्या घरच्या आजींनी शिकवली. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. आम्ही गेलो त्या दिवशी एकादशी होती. आत्याबाईंना उपवास असल्याने तिथी पक्की ठाऊक होती, आणि भरती सव्वाआठच्या सुमारास, म्हणजे ओहोटी दुपारी सव्वादोनच्या आसपास, हा हिशेब त्यांनीच तोंडी केला. तरीही निघण्यापूर्वी देवळाजवळच्या लोकांना विचारून घेतले, कारण हा अंदाजच असतो आणि लाटांचा जोर तिथीवरून कळत नाही.

गणपतीपुळ्याबद्दल एक कळकळीचे सांगणे आहे. आपल्याकडच्या मुलांना विहिरीत, तलावात पोहता येते, म्हणून समुद्रातही पोहता येईल, असे समजू नये. तिथे पाण्याची ओढ मोठी आहे. गुडघाभर पाण्यापलीकडे मुलांना जाऊ देऊ नये आणि जीवरक्षकाने शिट्टी वाजवली की वाद न घालता मागे फिरावे.

छत्रपती संभाजीनगर

मुरूडच्या जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होडीने गेलो. मराठ्यांना हा किल्ला अखेरपर्यंत घेता आला नाही, एवढेच ठाऊक होते. आपल्या शहराचा पाया 1610 मध्ये खडकी या नावाने घालणारा मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी, दोघेही मूळचे हबशी आणि दोघांचाही अहमदनगरच्या निजामशाहीशी संबंध, हे लक्षात आल्यावर तो किल्ला परका वाटेनासा झाला. तटावरून शिवाजी महाराजांचा पद्मदुर्गही दिसतो. पावसाळ्यात किल्ला बंद असतो.

नांदेड

आई माळकरी असल्याने कोकणात जेवणाचे कसे होईल, ही आम्हाला काळजी होती. श्रीवर्धनला एका घरगुती खानावळीत आदल्या दिवशी कळवून ठेवले, तेव्हा कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, फणसाची भाजी आणि सोलकढी असा बेत मिळाला, आणि स्वयंपाकाची भांडीही वेगळी ठेवलेली होती. सलग सुट्ट्यांच्या गर्दीत त्या माणसांना एवढे करणे शक्य होत नाही. वडीलधाऱ्यांना घेऊन जायचे असेल, तर मधल्या वारी जावे आणि खोली ठरवतानाच जेवणाचेही बोलून घ्यावे.