पहाटे 5 ची राईड : दिवाळी ते संक्रांत बंद ठेवायची का?

रानवाट

मागच्या रविवारचा प्रकार गावभर चार तऱ्हांनी फिरतोय, म्हणून आधी काय झालं तेवढं सांगतो. आपला सायकल ग्रुप नेहमीसारखा पहाटे वर्धा जिल्ह्यातल्या सेलूहून हिंगणीकडे निघाला होता. साडेपाचचा सुमार, मिट्ट अंधार. एका वळणापुढे रस्त्यावर चार धोंडे. रात्री कोणाची तरी कापसाची ट्रॉली तिथे पंक्चर झाली असणार. मागून येणाऱ्याला कळावं म्हणून धोंडे मांडले, पंक्चर काढलं, ट्रॉली गेली, धोंडे तिथेच. आपले एक सर पुढे होते. चाक धोंड्यावर, सर डांबरावर. कॉलर बोन मोडलं. हेल्मेटला कानाच्या वर बोटभर तडा गेला, डोक्याला मात्र खरचटलंही नाही.

आता माझं म्हणणं. आपण बारा महिने पाचला निघतो आणि त्याला शिस्त म्हणतो. मे महिन्यात ते बरोबरच आहे. साडेपाचला सूर्य वर येतो आणि आठनंतर सायकलवर बसवत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे उजाडायलाच साडेसहा होतात, सूर्य दिसायला पावणेसात. त्यात नदीकाठाने धुकं, आणि त्यात नेमका कापसाचा हंगाम. ताशी 25 च्या वेगाने आपण सेकंदाला 7 मीटर जातो. धोंडा दिसून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत ते 7 मीटर गेले, सायकल थांबेपर्यंत आणखी 6-7. आपल्यातल्या कित्येकांचे लाईट 10 मीटरच्या पुढे काही दाखवत नाहीत. हिशेब कुठे जमतो?

म्हणून दिवाळी ते संक्रांत ग्रुपची राईड उजाडल्यावर निघावी. हेल्मेट नाही तर राईड नाही, मग तो कोणीही असो. आणि चाळीस जणांचा जथा एकत्र नको. आठ-आठची तुकडी करू, दोन तुकड्यांमध्ये ट्रक सहज शिरेल एवढी जागा सोडू. बोला.

बाभूळकाटा

सर पडले याचं वाईट वाटलं, पण तेवढ्यावरून सगळ्यांची पहाट बंद करणं मला मुळीच पटत नाही.

उजाडल्यावर म्हणजे सात धरा. सातला त्या रस्त्यावर काय असते ते तुम्हालाही माहीत आहे. शाळेच्या गाड्या, वेचणीच्या बायांना कोंबून नेणारे ऑटो, दुधाचे कॅन लटकवलेल्या मोटारसायकली आणि रेतीचे टिप्पर. पाचला यातलं फार थोडं असते. अंधारात दिसत कमी असेल, पण धडकायला असतेही कमी. मागून येणारा टिप्पर मला दिवसाही दिसत नाही. सूर्य उगवला म्हणून माझ्या पाठीला डोळे फुटत नाहीत.

दुसरं असं की आमच्यातले काही जण ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राईडची, तयारी करताहेत. 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, 300 ला 20 तास. 300 करणाऱ्याला अंधार टाळताच येत नाही. तिथे कोणी "रात्री चालवू नका" म्हणत नाही. पुढे-मागे लाईट, अंगावर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, एवढं पाहिजेच असा नियम आहे. आपणही तोच लावू. लाईट चांगला घ्या, वेळेला हात लावू नका.

रानवाट

ब्रेव्हेला जाणारा माणूस तयारी करून, स्वतःच्या मर्जीने जातो. आपल्या रविवारी नववीतला पोरगा आणि साठी उलटलेले काका एकाच रांगेत असतात. त्या पोराच्या आईला मी काय "लाईट चांगला घ्या" सांगू? आणि टिप्परचं म्हणाल तर हिंगणीचा रस्ता सोडून घोराडकडून आतल्या रस्त्याने जाता येते. वेळ बदलली तर रस्ताही बदलू.

सायंतारा

ग्रुपमध्ये बायका का वाढत नाहीत यावर दर बैठकीत चर्चा होते. मी दर वेळी सांगते, मग चहा येतो आणि विषय संपतो. आज लिहूनच ठेवते.

चौकात सगळे दादा लोक असतात, तिथून पुढे मला काही भीती नाही. पण घरापासून चौकापर्यंत मी एकटी असते. पावणेपाच वाजता. गल्लीच्या तोंडाशी कुत्री, आणि बस स्टँडच्या ओट्यावर रात्रीपासून बसलेले लोक. कुत्र्यांचं एक वेळ परवडते. त्यामुळे राईड सहा-साडेसहाला निघणार असेल तर माझ्या ओळखीच्या तिघी-चौघी उद्यापासून यायला तयार आहेत.

शिवाय "ग्रुप राईड" म्हणायची आणि हिंगणी यायच्या आत पुढचे दिसेनासे व्हायचे, हे कुठलं ग्रुप? शेवटच्या माणसाच्या मागेच राहील असा एक जण नेमा, आणि तो दर रविवारी बदला. मागच्या वेळी मी चेन उतरून रस्त्याच्या कडेला बसले होते, हात काळे, टॉर्च दातात. पुढच्यांना ते फोटो काढायला थांबल्यावर कळलं.

आणि बोरधरणाकडे अंधारात जायचं, हे तर मला कधीच कळलं नाही. 2014 पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे. पहाट ही जनावराची फिरायची वेळ. सायकलला आवाज नसतो हे आपण मोठ्या कौतुकाने सांगतो, पण तिथे तोच तर धोका. वाघ राहू द्या, एखादा रोही (नीलगाय) आडवा आला तरी पुरे.

बाभूळकाटा

ताई, बोरधरणाचं एकदम मान्य. हिंगणीच्या पुढे उजाडल्याशिवाय कोणी जायचं नाही, हे लिहून टाका. शेवटच्या माणसाचंही मान्य. तुम्हाला घेऊन यायला आमच्यापैकी दोघं तुमच्या गल्लीपर्यंत येऊ शकतात. पण वेळेचं अजून पटत नाही.

सायंतारा

मला घ्यायला कोणी यावं लागेल अशी राईड नको, म्हणून तर लिहिलं.

ट्रॉलीवाला

मी काई तुमच्या ग्रुपातला नोहो. पण धोंड्याचं वाचलं म्हून लिवतो.

धोंडे उचलून धुऱ्यावर टाकाले पायजे होते, त्याच्यात दोन मतं नाई. पण रातच्या अकरा वाजता 20-25 क्विंटल कापूस भरेल ट्रॉलीचं चाक बसलं तं काय होते, हे बी समजून घ्या. माल उतरवता येत नाई. दुसरं चाक आणाले एक जण गावात जाते, एक जण मोबाईलचा टॉर्च घिऊन मालाजवळ थांबते. अन् मांगून गाडी आली का पोटात गोळा येते. चाक बसलं का माणूस पळते. धोंड्याची आठवन कोनाले रायते?

आता तुमचं सांगतो. तुमी लोक तीन-तीन जण बाजूबाजूनं गप्पा करत चालता. हॉर्न मारला तं मांगं वळून पायता, बाजूले होत नाई. तुमाले वाटते ट्रॅक्टरवाला मुजोर हाय, डांबर सोडत नाई. अरे बाबा, भरेल ट्रॉली डांबराखाली उतरवली का पलटते. साईडपट्टी पाह्यली काय कवा? हातभर खोल हाय.

अन् अंधारात काय फकस्त तुमीच रायता? शेतात रातची लाईन (वीज) असली का आमी बी ओलिताले सायकलनंच जातो. डुकरं तूर खाते म्हून जागलीले जाते मानूस. त्याच्या सायकलीले ना लाईट, ना तुमचं ते चमकनारं जॅकेट. त्याच्यासाठी कोनी चर्चा केली काय आजवर?

धामकाठ

ट्रॉलीवाले भाऊ बरोबर बोलले. माझाही आक्षेप वेळेवर नाही, त्या "हेल्मेट नाही तर राईड नाही" वर आहे.

घोराडचे एक काका साधी काळी सायकल घेऊन येतात, डोक्याला गमछा. ग्रुपमध्ये सगळ्यात नियमित तेच. उद्या त्यांना चौकातून परत पाठवणार? कायद्यानेही सायकलला हेल्मेट लागत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 आहे ते मोटारसायकलवाल्यांसाठी. जे सरकार मागत नाही ते आपण मागायचं आणि मग म्हणायचं की गावातले लोक आपल्यात येत नाहीत. गिअरच्या सायकलवाल्यांचा क्लब होऊन बसेल हा.

रानवाट

कायदा मागत नाही म्हणून डांबर मऊ होत नाही. सरांचं तडकलेलं हेल्मेट माझ्या घरी आहे, पाहून जा.

काकांना कोणी परत पाठवणार नाही. ग्रुपच्या पैशातून सात-आठ हेल्मेट घेऊन चौकातल्या चहाच्या टपरीवर ठेवू. ज्याच्याकडे नाही त्याने घालावं, परत आल्यावर ठेवावं. गमछा आतून बांधला तरी चालते, फक्त हनुवटीखालचा पट्टा दोन बोटं जातील इतपतच सैल ठेवायचा.

कोणीतरी फोनवर विचारलं, मोटारसायकलचं चालेल का. नाही चालत. जड असते, हवा खेळत नाही, अर्ध्या तासात मान भरून येते आणि माणूस ते काढून हँडलला अडकवतो. आणि तडकलेलं फेविक्विकने जोडून कोणी पुन्हा घालू नये. आतला थर्माकोल एकदा दबला की ते हेल्मेट कामातून गेलं.

दोन चाकं

मी नवीन आहे, एक सुचवू का? समृद्धी महामार्गावर जाऊ या की पहाटे. रस्ता गुळगुळीत, धोंडे नाहीत, येळाकेळीला इंटरचेंज जवळच आहे.

बाभूळकाटा

समृद्धीवर मोटारसायकललाही परवानगी नाही, सायकल तर दूरच. गाड्या 120 ने जातात तिथे. खालच्या बोगद्यातून जायचं आणि पुढे निघायचं, तेवढाच आपला समृद्धीशी संबंध.

चौथी घंटा

शाळेत शिकवते, सायकल क्लबशी माझा काही संबंध नाही. पण इथे एवढी माणसं सायकलच्या सुरक्षेबद्दल पोटतिडकीने बोलताहेत, तर माझ्या मुलींचं ऐका.

मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, शाळेपासून 5 किलोमीटरच्या आतल्या गावांतल्या. चांगली योजना आहे. या सायकलींमुळे शाळा न सुटलेल्या कितीतरी मुली मला ठाऊक आहेत. पण दहावीचे जादा तास सुटतात साडेपाचला, आणि या दिवसांत सूर्य मावळतो तोही साडेपाचलाच. मग पाच-सहा जणी घोळक्याने निघतात. गडद रंगाचे स्वेटर, पाठीवर काळी दप्तरं, सायकलला लाईट नाही. नव्या सायकलला रिफ्लेक्टर लावूनच विकायचे असा केंद्राचा 2020 चा आदेश आहे, पण वापरात पेडलवरचे पहिले तुटतात, मडगार्डवरचा चिखलाखाली जातो. परवा शाळेच्या स्टँडवर सहज बघत फिरले. कित्येक सायकलींना रिफ्लेक्टरच्या जागी नुसता स्क्रू होता.

तुम्ही पाचला निघा नाहीतर सातला, ती तुमची हौस आहे. या मुलींना वेळ निवडता येत नाही.

धामकाठ

बाई, हे वाचून हेल्मेटचा वाद बाजूला ठेवतो. सात-आठ हेल्मेटच्या पैशात किती सायकलींना लाल टेप लागेल याचा हिशेब करा कोणीतरी.

बाभूळकाटा

टेपचे पैसे मी देतो, हेल्मेटचे कापू नका. दोन्ही लागतात.

बाईंच्या शाळेत एका शनिवारी येऊन आम्ही टेप लावून देऊ. मागच्या मडगार्डवर लाल, पुढे हँडलखाली पांढरी, आणि चाकाच्या तारांमध्ये दोन्ही बाजूंनी. तारांमधली विसरू नका, बाजूने येणाऱ्याला तीच दिसते. लाईट लावणाऱ्यांनाही सांगतो. पुढचा लाईट लुकलुकता ठेवू नका, समोरच्याला अंतराचा अंदाज येत नाही. आणि तो खाली रस्त्याकडे वळवा. आपल्यातले काही जण समोरच्याच्या डोळ्यात मारतात आणि वर म्हणतात ट्रॅक्टरवाला अंगावर आला.

वेळेबद्दल माझं तेच मत. ज्यांना पाचला निघायचं ते लाईट, जॅकेट, हेल्मेट घालून निघतील, स्वतःच्या जबाबदारीवर, अठरा वर्षांवरचेच. ग्रुपची राईड हवी तर साडेसहाला करा. पण पाचवाल्यांना ग्रुपमधून काढायचा विषय निघाला तर मी बैठकीत भांडणार.

रानवाट

काढायचं कोणी बोललंच नाही. पण ती राईड ग्रुपच्या नावाने जाहीर होणार नाही, ग्रुपचा बॅनर त्यात नसेल आणि शाळकरी पोरगा त्यात दिसला तर मीच त्याला परत आणीन. पाचवाल्यांसाठी आणखी एक अट. रस्त्यात धोंडे, कुटाराचा ढीग, फांदी, काही पडलेलं दिसलं तर थांबून बाजूला टाकायचं. सरांच्या पुढे त्या दिवशी आणखीही लोक गेले असतील. कोणी थांबलं नाही.

ट्रॉलीवाला

टेप आनता तं जिनिंगवर बी या. कापूस मोजाले ट्रॉल्या रातभर लायनीत उभ्या रायते, मानसं खालीच बसून असते. ट्रॉलीले मांगून लाल रिफ्लेक्टर पायजे हे नियमात हायच, पन गिट्टी भरता भरता अर्धे फुटते. तुमी टेप आना, मी फडकं अन् पान्याची कॅन आनतो. धुळीवर टेप चिकटत नाई, आंधी पुसाव लागते. अन् तीन-तीन जण बाजूबाजूनं चालनं बंद करा, त्याचं कोनीच काई बोललं नाई अजून.

सायंतारा

बोलते मी. अंधारात आणि वळणावर एकामागे एक, मोकळ्या रस्त्यावर फार तर दोघं. हे साडेसहावाल्यांना आणि पाचवाल्यांना दोघांनाही लागू. बाभूळकाटा दादा, याला तरी हरकत नाही ना?

बाभूळकाटा

नाही. पण संक्रांतीनंतर परत पाच, हे आत्ताच लिहून घ्या.