९ महिन्यांची लेक आवाज काढते पण बाबाबा-दादादा नाही, कान तपासायचे का?

देवगडची आई:
लेक आ-ऊ करते, खिदळते, रडली की अख्ख्या वाडीला कळतं. पण बाबाबा दादादा असलं काहीच नाही आणि कुकरची शिट्टी झाली तरी ढिम्म. सासूबाई म्हणतात आवाज काढते ना, मग कान शाबूत. खरंय का हे?

स्पीचवाली_रत्नागिरी:
नाही हो ताई, इथेच बरेच जण फसतात. जन्मतः ऐकू न येणारं बाळसुद्धा पहिले काही महिने रडतं, हसतं, आ-ऊ करतं. फरक पडतो तो बाबाबा-मामामामध्ये, ऐकणारी बाळं ते साधारण ६ ते १० महिन्यांत सुरू करतात, ओलर आणि आयलर्स यांच्या १९८८च्या अभ्यासात बहिऱ्या बाळांमध्ये ते ११ महिन्यांच्या आधी दिसलंच नाही. थांबू नका, ओएई आणि बेरा या ऐकू येतं का ते बघायच्या तपासण्या करून घ्या. बेरा बाळ झोपलेलं असताना करतात, दुखत नाही.

मालवणी_मामा:
आणि घरी थाळी वाजवून बघू नका. आमचा भाचा बरोबर वळायचा, नंतर कळलं की तो हाताची हालचाल बघत होता. ऐकू येत नव्हतंच त्याला.

स्पीचवाली_रत्नागिरी:
अगदी. बाय द वे, खुणांची भाषा चालते त्या घरातली बहिरी बाळं हातांनी बडबडतात, पेटिटो आणि मॅरेंटेट यांनी १९९१ मध्ये दाखवलंय.

देवगडची आई:
बापरे. ओरोसला सिव्हिलमध्ये बेरा होते का, की थेट मुंबई, वांद्र्याचं अली यावर जंग, ते ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीचं केंद्र?

स्पीचवाली_रत्नागिरी:
आधी ओरोसला फोन करून विचारा, पण याच आठवड्यात.