नवरा क्यूबेकचा, मी भारतात: स्पॉन्सरशिपचा क्रम काय?

प्रश्न: नवरा कॅनडाचा नागरिक, क्यूबेक प्रांतातल्या मॉन्ट्रियलला राहतो. मला तिथे कायमचं जायचंय. आधी अर्ज कुठे करायचा, केंद्राकडे (कॅनडा सरकारकडे) की क्यूबेककडे? फ्रेंच परीक्षा लागते का?

उत्तर १: आधी केंद्राकडेच. स्पॉन्सरशिप (नवऱ्याने तुम्हाला बोलावण्याचा) आणि पीआर (तुमचा कायमच्या वास्तव्याचा) हे दोन्ही अर्ज एकत्र जातात. नवरा पात्र ठरला की पत्र येतं, त्यानंतर तो क्यूबेकच्या इमिग्रेशन मंत्रालयाकडे तुमच्या खर्चाच्या जबाबदारीचं हमीपत्र भरतो. पती-पत्नीसाठी ही हमी 3 वर्षांची, आणि मधे घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही! क्यूबेकच्या मंजुरीशिवाय पीआर मिळत नाही. खरी अडचण कोट्याची आहे: 26 जून 2024 ते 25 जून 2026 या काळासाठी कुटुंब स्पॉन्सरशिपचे एकूण 13,000 अर्जच घ्यायचं क्यूबेकने ठरवलं होतं. म्हणून भरण्याआधी अर्ज घेणं सुरू आहे का, ते नक्की बघा.

उत्तर २: मेडिकल आपणहून आधी करू नका. निकाल 12 महिनेच चालतो, क्यूबेकच्या मंजुरीला उशीर झाला की पुन्हा खर्च. सूचना आली की करा. पोलीस प्रमाणपत्र मात्र गेल्या 10 वर्षांत सलग 6 महिने राहिलेल्या प्रत्येक देशाचं लागतं. मराठीतल्या विवाह दाखल्याचं प्रमाणित भाषांतर जोडा.

उत्तर ३: जोडीदाराला फ्रेंच परीक्षेची अट नाही. तरी आजपासूनच शिका, नोकरीसाठी फार गरज पडते. पोहोचल्यावर 'फ्रांसिझासियों केबेक' या सरकारी सेवेचे फ्रेंचचे वर्ग मोफत आहेत. आणि सरकारी आरोग्य विम्याला 3 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं, तेवढ्यापुरता खासगी विमा घ्याच.